कुंपण आणि शेत

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणापाशी मागावयाची, हा प्रश्न आपल्या भाषेने फार पूर्वीच विचारून ठेवला आहे. राज्यशास्त्रावरील मोठमोठ्या ग्रंथांचा विषय ह्या एका म्हणीत सामावलेला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. रक्षणासाठी सत्ता निर्माण करावी लागते. आणि सत्ता निर्माण झाली की तिच्यापासून रक्षण कसे करावे, ही दुसरी चिंता तिच्या पाठोपाठ येते. आम्ही कॉलेजात हा विषय शिकवितो तेव्हा प्रघाताप्रमाणे इंग्लंडपासून आरंभ करतो. १२१५ सालची मोठी सनद, १६२८ चा हक्कांचा अर्ज, १६८९ चा हक्कांचा कायदा, ही नावे विद्यार्थ्यांस मुखोद्गत असतात. परंतु ह्या प्रश्नाची सर्व अंगे जेथे दिसतात, असा एक मुलूख आपल्या घराजवळच आहे, ह्याची जाणीव आपल्यापैकी थोड्यांनाच असते. तो मुलूख म्हणजे कोकणातील मंडणगड तालुका.

रत्नागिरी जिल्ह्याचा हा अगदी उत्तरेकडील भाग. एकोणिसाव्या शतकात तो दापोली तालुक्याचा एक पेटा होता. उत्तरेस सावित्रीची, म्हणजे बाणकोटची, खाडी. तिच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला. १७५६ च्या तहाने पेशव्यांनी हा किल्ला व त्याभोवतालची काही गावे ईस्ट इंडिया कंपनीस दिली, आणि पश्चिम किनाऱ्याच्या मुख्य भूमीवर कंपनीचे पाऊल पडले. जवळच वेळास, पेशवाईचा कारभार ज्यांनी सांभाळला त्या नाना फडणविसांचे हे मूळ गाव. आणि ह्याच तालुक्यात आंबडवे, डॉ. भीमराव रामजी आंबेडकरांच्या घराण्याचे मूळ गाव. पेशवाई, कंपनी सरकार आणि स्वतंत्र भारताची राज्यघटना, अशा तीन राजवटींच्या खुणा ह्या लहानशा डोंगराळ तालुक्यात एकमेकींच्या शेजारी उभ्या आहेत. पण ह्या तिन्ही राजवटींत गावच्या शेतकऱ्याला सरकार ज्या रूपाने रोज भेटे, ते रूप पेशव्याचे नव्हते, गव्हर्नराचे नव्हते, की मंत्र्याचेही नव्हते. ते रूप खोताचे होते.

खोत म्हणजे गावचा वंशपरंपरागत वसूलदार. गावाचा ठरीव सारा सरकारात भरावयाचा आणि कुळांकडून आपला वसूल करावयाचा, हा त्याचा मूळ धंदा. ह्या दोहोंमधील अंतर तो त्याचा खोती फायदा. धारेकरी म्हणविणारा शेतकरी केवळ सरकारी धारा देई. पण खोती निसबतीच्या जमिनीवरील सामान्य कूळ अर्धेलीने कसत असे, म्हणजे भाताच्या जमिनीतील निम्मे पीक खोताच्या अंगणात जाई. वरकस जमिनीत बहुधा तिसरा हिस्सा द्यावा लागे. पीक उभे असताना त्याचा अंदाज बांधावयाचा, ह्यास अभावणी म्हणत; आणि अंदाज बांधणाराच घेणेकरी असल्यामुळे तो कोणाच्या बाजूने चुके, हे सांगावयास नको. ह्याखेरीज वेठ होती. आठ दिवसांतून एक दिवस खोताच्या शेतावर विनामोबदला राबण्याची जी वहिवाट काही गावांत होती, ती कोणत्याही सरकारी हुकुमापेक्षा कुळाच्या अंगाला अधिक जवळून भिडणारी सत्ता होती.

इंग्रजी अमलात ह्या वहिवाटीस कायद्याचे रूप आले. मोजणी झाली, प्रत्येक खोती गावाचे बोटखत तयार झाले, आणि १८८० साली मुंबई सरकारने खोती कायदा केला. जुन्या वहिवाटदार कुळांस त्याने काही संरक्षण दिले. त्यांचा कबजा वंशपरंपरेने चालावा, असे ठरले. पण तो हक्क दुसऱ्यास देण्याघेण्याची मोकळीक त्यांस नव्हती. हा कायदा होण्यापूर्वी जो वाद माजला तो अभ्यास करण्याजोगा आहे. दापोली तालुक्यातील मुरूडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक हे आपल्या काळचे थोर धर्मशास्त्रज्ञ व वकील. त्यांनी खोतांची बाजू हिरिरीने मांडली. खोतपक्षाचे म्हणणे थोडक्यात असे की, खोती ही मालमत्ता आहे, सरकारची कृपा नव्हे. पूर्वीच्या राज्यांनी जे हक्क मान्य केले ते मनास वाटेल तेव्हा कमी करण्याचा अधिकार नव्या सरकारास पोचत नाही.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. हे म्हणणे केवळ स्वार्थाचे म्हणून सोडून देण्यासारखे नाही. सरकारची सत्ता पूर्वीच्या कायद्याने व वचनाने बांधलेली असते, हेच तर मर्यादित राज्यसत्तेचे मूळ तत्त्व. परकीय सरकारापुढे ते निर्भयपणे उच्चारणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण ह्याच तत्त्वाच्या छायेत खोताच्या अंगणातील वेठ सुखाने नांदत होती, हेही तितकेच खरे आहे. सरकारचा हात आखडला म्हणजे प्रजा मुक्त होते, हे समीकरण कोकणात खरे ठरत नव्हते. सरकारचा हात जेथे थांबे, तेथून खोताचा हात सुरू होई.

मग सरकारी सत्तेस मर्यादा नसती तर कुळाचे अधिक कल्याण झाले असते काय? त्याचेही उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १८२८ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने पुण्याच्या पांडुरंग रामचंद्र ह्यांस हुकूम पाठविला की, आपल्या ताब्यात असलेल्या मोरो रघुनाथ ह्या अल्पवयीन मुलास कोर्टापुढे हजर करावे. अटकेतील मनुष्यास न्यायाधीशापुढे आणून अटकेचे कारण विचारणारा हाच तो सुप्रसिद्ध बंदिप्रत्यक्षीकरणाचा हुकूम. गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांनी त्याची अंमलबजावणी होऊ दिली नाही. उलट अशा बाबतीत कोर्टाने हुकूम काढू नयेत, असे न्यायाधीशांस पत्राने कळविले. तीन न्यायाधीशांपैकी वेस्ट आणि चेंबर्स हे त्याच वर्षी दिवंगत झाले. एकटे उरलेले सर जॉन पीटर ग्रँट ह्यांनी, आपला हुकूम चालत नसेल तर न्यायासनावर बसण्यात अर्थ नाही, ह्या भावनेने १८२९ च्या एप्रिलात कोर्टच बंद केले. पुढे प्रिव्ही कौन्सिलाने निकाल दिला तो कोर्टाच्या विरुद्ध. मुंबई बेटाबाहेरील एतद्देशीयांवर असा हुकूम काढण्याचा अधिकार त्यास नाही, असे ठरले. विलायतेत हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड एलनबरो ह्यांनी माल्कमना धीर देताना लिहिले होते की, ग्रँट ह्यांच्या दोन्ही बाजूंस नवे न्यायाधीश येत आहेत, तेव्हा दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये चालविलेल्या रानहत्तीसारखी त्यांची स्थिती होईल. राज्यकर्त्यास कसा न्यायाधीश आवडतो, हे ह्याहून स्पष्ट कोणी सांगितले नसेल.

खोतीने शिकविले की केवळ सरकारला बांधून भागत नाही. मोरो रघुनाथाच्या प्रकरणाने शिकविले की सरकारला मोकळे सोडूनही भागत नाही. हे दोन्ही धडे ज्याच्या विचारात एकत्र आले, तो पुरुष आंबडव्याच्या घराण्यातला असावा, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

१९२९ च्या एप्रिलात चिपळूण येथे भरलेल्या परिषदांत डॉ. आंबेडकरांनी खोतीचा प्रश्न हाती घेतला. पुढे कुलाबा जिल्ह्यात नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढाकाराने चरी गावच्या कुळांनी १९३३ पासून कित्येक वर्षे जमिनी न कसता संप चालविला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातील हजारो शेतकरी मुंबईस विधिमंडळावर चालून गेले. विधेयक संमत झाले नाही. पण त्यातील एक गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ज्या पद्धतीचा त्यांस मनापासून तिटकारा होता, ती नष्ट करताना खोतास वाजवी मोबदला देण्याची तरतूद त्यांनी विधेयकातच केली होती. अन्याय दूर करावयाचा, पण तोही कायद्याच्या रीतीने व हिशेबाने, हा त्यांचा बाणा होता.

१९४७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निवेदनात त्यांनी हा विचार अधिक स्पष्ट केला. सरकारने हस्तक्षेप करू नये म्हणजे स्वातंत्र्य आले, असे म्हणणाऱ्यांस त्यांनी विचारले, हे स्वातंत्र्य कोणाचे? जमीनदारास खंड वाढविण्याचे आणि भांडवलवाल्यास कामाचे तास वाढविण्याचे स्वातंत्र्य तेवढे त्यातून निष्पन्न होते. ह्यावरून सरकारला मोकाट सोडावे असा निष्कर्ष मात्र त्यांनी काढला नाही. त्याच निवेदनात मूलभूत हक्कांचे रक्षण न्यायालयांकडे सोपविण्याची मागणी आहे. आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी घटनासमितीत, हक्कभंग झाल्यास थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याची मुभा देणाऱ्या कलमाविषयी बोलताना, हे कलम म्हणजे घटनेचा आत्मा व हृदय होय, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. तेच आजचे कलम ३२.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या घटनेची रचना ह्या दृष्टीने पाहावी. कलम १३ सांगते की, मूलभूत हक्क हिरावून घेणारा कायदा राज्याने करू नये. केल्यास तो तेवढ्यापुरता शून्यवत् होय. हे सरकारला घातलेले बंधन. पण कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते आणि कलम २३ वेठबिगारीस मनाई करते. ही बंधने केवळ सरकारवर नाहीत. ती शेजाऱ्यावर आहेत, मालकावर आहेत, खोतावर आहेत. एकाच ग्रंथात राज्यकर्त्याचा आणि गावच्या धन्याचा असे दोन्ही हात बांधले गेले. कुंपणाला मर्यादा घातली आणि शेतात शिरणाऱ्या बाहेरच्या गुरांनाही मज्जाव केला. मंडणगडच्या खोती गावाचा इतिहास ज्यास ठाऊक आहे, त्यास ह्या योजनेतील शहाणपण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्याच सुमारास मुंबई राज्याने खोती नष्ट करणारा कायदा केला. त्याचे नाव १९४९ चे, पण क्रमांक १९५० च्या सहाव्या कायद्याचा. खोतीचा हक्क संपला, पडीत जमिनी सरकारजमा झाल्या आणि कायम कुळांस ठराविक रक्कम भरून कब्जेदार होण्याचा मार्ग खुला झाला. सामान्य कुळास जमिनीची मालकी मिळण्यासाठी मात्र पुढे कूळकायद्याची व १ एप्रिल १९५७ ह्या कृषिदिनाची वाट पाहावी लागली.

ह्यानंतर जे घडले तेथे आमच्या विषयाचा खरा पेच आहे. निरनिराळ्या प्रांतांत जमीनदारी नष्ट करणाऱ्या कायद्यांविरुद्ध जमीनदार कोर्टात गेले, आणि १२ मार्च १९५१ रोजी पाटणा हायकोर्टाने बिहारचा कायदा समानतेच्या हक्काविरुद्ध म्हणून रद्द ठरविला. नेहरू सरकारने तत्काळ घटनादुरुस्ती आणली. पहिली सार्वत्रिक निवडणूक होण्यापूर्वीच हंगामी संसदेने ती जून १९५१ मध्ये संमत केली. श्यामाप्रसाद मुखर्जी ह्यांनी तीव्र विरोध केला, कायदेमंत्री डॉ. आंबेडकर ह्यांनी विधेयकाचे समर्थन केले. ह्या दुरुस्तीने घटनेस नववे परिशिष्ट जोडले. त्यात ज्या कायद्याचे नाव घातले जाईल, तो मूलभूत हक्कांविरुद्ध आहे म्हणून कोणत्याही न्यायालयास रद्द करता येऊ नये, असे कलम ३१ ख ने ठरविले. आरंभी तेरा कायदे त्यात घातले गेले; त्यांतील सहावा मुंबईचा खोती निर्मूलनाचा कायदा होय.

दुरुस्तीच्या कैवाऱ्यांची बाजू दुबळी नव्हती, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. खोतास नामांकित वकील परवडतो. कुळास तालुक्याच्या गावी एक खेप घालणेही जड जाते. दावा दहा वर्षे चालला तर तेवढी दहा वर्षे निम्मे भात खोताच्या अंगणातच जाणार. हक्कांचा दरवाजा सर्वांस उघडा असला तरी त्या दरवाजापर्यंत पोचण्याची शक्ती सर्वांस सारखी नसते. न्यायालय जर पिढीजात सत्तेची गढी होणार असेल, तर तिला वळसा घालावयाचा नाही तर काय करावयाचे?

तथापि आम्हांस येथे एक भेद करावासा वाटतो, आणि तो मूलगामी आहे. त्याच दुरुस्तीने कलम ३१ क हेही घटनेत घातले होते. जमीनदारी व तत्सम मध्यस्थ हक्क नष्ट करणाऱ्या कायद्यांस त्याने संरक्षण दिले. हे संरक्षण हेतूला आणि विषयाला बांधलेले होते. कायदा त्या जातीचा आहे की नाही, हे न्यायालयास पाहता येत होते. आमच्या मते खोतीचा कायदा त्यात सहज बसला असता. कलम ३१ ख मध्ये मात्र कसलाही हेतू सांगितलेला नाही. केवळ यादीत नाव पुरे. पहिले कलम म्हणजे कुंपणास ठेवलेले, राखणदार बसविलेले फाटक. दुसरे म्हणजे कुंपणास पाडलेले खिंडार. त्या खिंडारातून प्रथम अत्यंत योग्य माणसे आत आली, ह्यामुळे ते खिंडार आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

ते ध्यानात आले चोवीस वर्षांनी. आणीबाणीत, १९७५ सालच्या एकोणचाळिसाव्या दुरुस्तीने, ज्या कायद्याखाली हजारो लोक चौकशीवाचून तुरुंगात होते तो अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजे मिसा, नवव्या परिशिष्टात घालण्यात आला. पुढील वर्षी चाळिसाव्या दुरुस्तीने आक्षेपार्ह मजकुराच्या प्रसिद्धीस बंदी करणारा कायदा त्याच्या शेजारी जाऊन बसला. कुळाची वेठ संपविणारा कायदा आणि निरपराध नागरिकास अटकेत ठेवणारा कायदा एकाच यादीत, एकाच संरक्षणाखाली! २८ एप्रिल १९७६ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरविले की, आणीबाणी चालू असता अटकेविरुद्ध बंदिप्रत्यक्षीकरणाची दादच मागता येत नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरुद्ध उभे राहिले. मोरो रघुनाथाच्या वेळी सत्तेने न्यायाधीशाचा हुकूम अडविला होता. ह्या खेपेस न्यायाधीशांनी आपणच तो काढावयाचे नाकारले.

खिंडार बुजविण्याचे कामही पुढे झाले, हे सांगितले नाही तर चित्र एकांगी होईल. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी निर्णय दिला होता की, संसदेस घटना दुरुस्त करता येते, पण तिचा मूलभूत ढाचा मोडता येत नाही. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मिसा व प्रसिद्धीबंदीचा कायदा परिशिष्टातून काढून टाकले, आणि त्याबरोबरच मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या प्रकरणातून वगळला. महाराष्ट्राच्या जमीनधारणा कायद्यासंबंधीच्या वामनराव खटल्यात १९८० साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांच्या पीठाने सीमारेषा आखली: २४ एप्रिल १९७३ पूर्वी परिशिष्टात आलेल्या कायद्यांस धक्का नाही, त्यानंतरचे मात्र मूलभूत ढाच्याच्या कसोटीस उतरले पाहिजेत. ११ जानेवारी २००७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने हे तत्त्व एकमताने दृढ केले. तोवर तेरांच्या यादीचे क्रमांक २८४ पर्यंत पोचले होते. १९७६ चा तो निर्णयही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट शब्दांत रद्दबातल ठरविला.

ह्या साऱ्यातून आम्हांस जो बोध घ्यावासा वाटतो तो असा. सत्तेवरील मर्यादा वाईट माणसे मोडतात, हा समज अपुरा आहे. पुष्कळदा त्या प्रथम चांगली माणसे, चांगल्या कामासाठी आणि उतावीळपणे मोडतात. वाईट माणसांस पुढे मोडण्याचे श्रमही पडत नाहीत. म्हणून एखादे सरकार लोकहिताच्या नावाने न्यायालयाचा दरवाजा बंद करू लागले, तर ते हित खरे आहे की खोटे एवढेच विचारून भागत नाही. हा दरवाजा ह्या कामापुरताच बंद होतो आहे की कायमचा, आणि त्याची किल्ली उद्या कोणाच्या हाती जाणार, हे दोन प्रश्नही विचारले पाहिजेत. दुसऱ्या बाजूने, जे लोक हक्कांचे आणि न्यायालयांचे माहात्म्य गातात, त्यांनी कुळाच्या घरून न्यायालयाची वाट किती लांब आहे ह्याचाही विचार केला पाहिजे. ती वाट जवळ न करता केवळ दरवाजाचे पावित्र्य सांगत बसलो, तर लोक एक दिवस कंटाळून तो दरवाजा काढून टाकणाऱ्याच्या मागे जातील, आणि दोष सर्वस्वी त्यांचा असणार नाही.

खोती गेली, ती जावयासच हवी होती. तिच्यासाठी कोणी डोळे पुसण्याचे कारण नाही. पण नवव्या परिशिष्टातील तो सहावा आकडा आजही घटनेच्या पुस्तकात आहे. आपल्या मुलांस घटना शिकविताना सुशिक्षित घरांतून कलम ३२ जसे दाखविले जाते, तसाच तो आकडाही दाखविला जावा, आणि तो तेथे का आला, त्याच्या मागोमाग कोण आत आले, हेही सांगितले जावे. सत्ता खोताची असो की मंत्र्याची, ती कोठे थांबते हे जोपर्यंत सामान्य माणसास ठाऊक आहे आणि तेथे तिला थांबविण्याची त्याची हिंमत आहे, तोपर्यंतच शेत सुरक्षित आहे.